दुसरीच्या पाटीतला बांगडा

पूर्णगडच्या गोदाला चार माणसांत कुणी विचारलं, की बाई गं, तू किती शिकलीस, तर ती सांगायची, "दहावी आणि बांगडा." लोक हसायचे. ती हसायची नाही. तिच्या मते त्यात हसण्यासारखं काही नव्हतंच. दहावीला एक वर्ष लागलं होतं आणि बांगड्याला अकरा.

गोदा मूळची नाटे गावची. माहेर सुक्या मासळीतलं. बाप होडीवर, आई वाळवणावर, आणि ही पोर काठी घेऊन कावळे हाकायला. लग्न होऊन पूर्णगडला आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूने, म्हणजे धोंडूबाईने, तिला बंदरावर नेलं. लिलावाचा ढीग दाखवून विचारलं, "काय म्हणतो हा ढीग?"

"चांगला आहे," गोदा म्हणाली.

धोंडूबाई आजूबाजूच्या बायांकडे वळली. "सुक्यातली पोर गो ही. हिला ओल्यातलं काय कळणार."

बाया हसल्या. गोदा घरी येऊन चुलीपुढे रडली, आणि दुसऱ्या दिवशी सासूच्या आधी उठून पाटी धुऊन तयार राहिली. रडणं आणि पाटी धुणं, दोन्ही तिने एकाच रात्रीत उरकलं, ह्यावरून धोंडूबाईने ओळखलं की पोर कामाची आहे. पण तसं म्हणायची तिला सवय नव्हती.

मग शाळा सुरू झाली. घंटा नाही, फळा नाही. धोंडूबाई सुनेच्या डोळ्यांवर पदर टाकायची आणि हातात मासा द्यायची. पोटावर बोट दाब. बोट उचललंस की खड्डा भरून येतो का, ते सांग. कल्ला उघड, नाक लाव. हा आज पहाटेचा की कालचा? बर्फात होता की नुसत्या सावलीत? चुकलं तर मार नव्हता. चुकून घेतलेला मासा घरी रांधून आपणच खायचा, आणि तोंड वाकडं करायचं नाही, एवढीच शिक्षा. एकदा उन्हात राहिलेला बांगडा गोदाने ताजा म्हणून घरी आणला. जिभेला जरा चुणचुणला, पण नवी सून, बोलणार कशी. तासाभरात नवऱ्याच्या, गुणाजीच्या अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या. तोंड लाल, डोकं ठणकतंय. कोकमाचं पाणी झालं, डॉक्टरची सुई झाली. गुणाजी उतरला आणि दुसऱ्या दिवशी होडीवर गेला; पण त्या बांगड्याचा वास गोदाच्या नाकात कायमचा राहिला. असा धडा पुस्तकात असता तर पानाला घडी घालून ठेवला असता.

मासा ओळखता आला, तेव्हा धोंडूबाईने शेवटचं शिकवलं. ते मासळीचं नव्हतं, माणसांचं होतं.

"दुसरीच्या पाटीला नाव ठेवायचं नाही. गिऱ्हाईक तिचा मासा हातात धरून तुला विचारेल, कसा आहे हो? तर तो कशाला चालेल तेवढं सांगायचं."

म्हणून त्या बाजारात कुणाचाच मासा कधी वाईट नसतो. फडफडीत असला तर 'तळायचा'. त्याच्याखाली 'कालवणाचा'. त्याच्याखालचा 'मिठाचा', म्हणजे आजच्या आज मीठ लावून टाका. आणि त्याच्याही पलीकडे गेलेला असला, तर बाई आभाळाकडे बघते आणि हवापाण्याचं बोलू लागते. जुनं गिऱ्हाईक काय ते समजतं, पिशवी मिटतं. विकणारीचं तोंडही राहतं आणि खाणाऱ्याचं पोटही. ज्यांना हे कळत नाही ते लोक म्हणतात, कोकणातल्या बाया हवेवर फार बोलतात.

अशी अठरा-वीस वर्षं गेली. गोदा रत्नागिरीच्या बाजारात सोनूबाईच्या शेजारी बसू लागली. सोनूबाई साठीची, एकटी, बोलायला तिखट आणि मनाने आमसुलासारखी, आंबट पण पित्तावर चांगली. लेक समीक्षा बारावीला बसली, तेव्हा गोदानेही बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि मायलेकींनी एकाच वर्षी बारावी दिली. लेकीला जास्त मार्क पडले. मराठीत मात्र आईला.

आता खरी गोष्ट. गावातल्या बायांच्या मच्छीमार संस्थेला बर्फाची आणि पॅकिंगची शेड मंजूर झाली. शेडमध्ये मासळी तपासून घ्यायला एक माणूस नेमायचं होतं. बायांनी एका तोंडाने गोदाचं नाव घेतलं. पण वरून आलेल्या कागदावर अट होती: त्या जागेवरचं माणूस निदान पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलं पाहिजे. जुलैअखेरपर्यंत असं कुणी मिळालं नाही, तर बाहेरचा माणूस येणार. म्हणजे जो उद्या पाट्या उलट्यापालट्या करणार, त्याला बाया कोण, कुणाची होडी कुठली, काही ठाऊक नसणार.

"पहिल्या वर्षाचं शिक्षण तीन महिन्यांत कसं करायचं?" गोदाने विचारलं.

समीक्षाने शोधून काढलं. नवीन नियम आला होता. कॉलेजाबाहेर जे शिकलात, ते विद्यापीठाच्या माणसांसमोर करून दाखवायचं. खरं ठरलं तर त्याचे श्रेयांक मिळतात. मासळी प्रक्रियेच्या पदवीचे पहिल्या वर्षाचे चाळीस श्रेयांक. त्यातले तीस मिळाले, की दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश.

"आये, तुझी अकरा वर्षं ते मोजून घेणार," समीक्षा म्हणाली.

धोंडूबाई खाटेवरून म्हणाली, "शिकवली मी, आणि मोजणार ते?"

फॉर्म भरायला बसल्या. 'जेथे कौशल्य शिकले त्या संस्थेचे नाव' ह्या रकान्यापाशी गाडी अडली. समीक्षाने पेन चावलं. शेवटी लिहिलं: सासू. फॉर्म परत आला. ज्यांनी शिकवलं त्यांचं सहीचं पत्र जोडा, असं सांगून. मग धोंडूबाईने पत्र सांगितलं आणि नातीने ते जसंच्या तसं उतरवलं:

"गोदा गुणाजी हिला मी शिकवली. पहिली दोन वर्षं हिला काही येत नव्हतं. तिसऱ्या वर्षी हिचं नाक उघडलं. आता मला येतं ते सगळं हिला येतं. डोळे मिटून मासा द्या, सांगेल. स्वभावाने हट्टी आहे, तो रकाना असल्यास भरावा." खाली अंगठा.

ते पत्र स्वीकारलं गेलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात गोदाला बोलावणं आलं.

सकाळच्या एसटीने ती रत्नागिरीला गेली. पाटीशिवाय एसटीत बसायची सवय नव्हती. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून रस्ताभर पर्स मांडीवर धरून बसली. विद्यापीठाच्या केंद्रात पांढऱ्या लाद्यांची लांब खोली होती. तपासायला हेतल मॅडम होत्या, तिशी-पस्तिशीच्या, केस घट्ट बांधलेल्या. लिहून घ्यायला कारकून अनिलराव, निवृत्तीला टेकलेले.

आधीची कामं गोदाने सहज केली. सुरमईचे काप पाडले, सगळे एका जाडीचे. बर्फ किती घालाल, विचारलं. ती म्हणाली, माशाइतका, आणि वैशाखात त्याहून मूठभर वर. मॅडमच्या वहीत तेच लिहिलेलं असावं, कारण त्यांनी मान हलवली. सुकवायच्या माशाला मीठ लावून दाखवलं. अनिलरावांनी सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या.

शेवटचं काम सगळ्यात मोठं. टेबलावर चार ताटं मांडलेली. प्रत्येकात तीन-तीन बांगडे. ताटं सरळ करता करता अनिलराव सहज म्हणाले, "काल सकाळी बाजारातनं आणले. ती कोपऱ्यावरची सोनूबाई नाही का, तिच्याकडचे."

गोदा होती तिथेच थांबली. लांबूनच तिला दिसलं होतं की चौथ्या ताटातले बांगडे गेलेले आहेत.

"गोदाताई, पहिलं ताट. हात लावून बघा. कसा आहे मासा?"

"तळायचा."

अनिलरावांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी डोळ्यांनी खुणावलं, लिहा. त्यांनी लिहिलं: तळायचा.

"दुसरं?"

"कालवणाचा."

"तिसरं?"

"मिठाचा. आजच्या आज."

"आणि चौथं?"

गोदाने खिडकीकडे पाहिलं. बाहेर आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला.

"आज उकाडा फार आहे, नाही," ती म्हणाली.

"हो ना. अनिलराव, पंखा वाढवा हो जरा," मॅडम म्हणाल्या.

पंखा वाढला. अनिलरावांचे कागद उडाले, ते त्यांनी गोळा केले. मग मॅडमनी पुन्हा विचारलं, "चौथं ताट, गोदाताई?"

"दोन दिवसांत लागेल पाऊस चांगला."

अनिलराव पूर्णगडचे असते तर इथेच परीक्षा संपली असती. ते आतल्या गावातले, घरात माळ घातलेली. त्यांनी लिहिलं: उत्तर दिले नाही.

हेतल मॅडमनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, पण आवाज बदलला. "हे बघा ताई, मला कागदावर चारच शब्द चालतात. उत्तम, मध्यम, हलका, खाण्यास अयोग्य. पहिल्या तीन ताटांचं मी समजून घेईन. पण शेडमध्ये तुम्ही बसणार त्या एका कामासाठी, खराब मासा बाजूला काढायला. तोच ओळखला नाहीत, तर ह्या भागाचे सोळा श्रेयांक मी देऊ शकत नाही. मग तीस होत नाहीत."

तीस झाले नाहीत, तर दुसरं वर्ष नाही. दुसरं वर्ष नाही, तर शेड नाही. गोदाला सगळं एका ओळीत दिसलं. आणि दुसऱ्या बाजूला सोनूबाई दिसली. एक शब्द बोलायचा, की विद्यापीठाच्या कागदावर म्हातारीची पाटी चढणार. नाव लिहिलं नाही, तरी अनिलराव बाजारात जाणारच. माणसाच्या तोंडाला कुठे झाकण असतं. हीच वेळ होती दोघींपैकी एकीचं नुकसान करायची, आणि कुणाचं करायचं ते गोदाच्याच जिभेवर.

ती टेबलापाशी आली. मग म्हणाली, "मॅडम, हात लावून बघू?"

"मघाशीच सांगितलं होतं. तुम्हीच लांब उभ्या राहिलात."

ते खरं होतं. दुसरीचा मासा तिच्या माघारी गिऱ्हाईकासमोर उचलायचा नाही, कल्ला उघडायचा नाही, हीसुद्धा त्याच शिकवणीतली गोष्ट. पाटीवालीचं नाव ऐकलं आणि गोदाचे हात आपोआप मागे गेले होते. आता तिने हात धुतले, पदर खोचला आणि चौथ्या ताटातला बांगडा उचलला. पोट दाबलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला. कल्ला उघडला, आत तपकिरी. नाकाजवळ नेला आणि तिचे डोळे आपोआप मिटले. मग माशाच्या मानेवरून तिने अंगठा फिरवला आणि थांबली.

मासा ठेवून ती पहिल्या ताटाकडे गेली. तिथला बांगडा घेतला, त्याच्याही मानेवरून अंगठा फिरवला. मग दुसरं ताट. मग तिसरं. अनिलराव लिहायचं विसरून बघत राहिले.

"मॅडम," गोदा म्हणाली, "हे चारही ताटांतले बांगडे एकाच पाटीतले."

"कशावरून?"

"मानेवर जाळ्याच्या फासाचा वळ बघा. सगळ्यांना सारखा, एकाच जागी. एक जाळं, एक होडी, एकच पहाट. अंगानेही सारखे. सोनूमावशीने दिले तेव्हा सगळे ह्या पहिल्या ताटासारखे होते. पहिला लगेच बर्फात गेला. दुसऱ्याला बर्फ उशिरा मिळाला. तिसरा नुसता फ्रीजमध्ये होता, बर्फ लागलेलाच नाही त्याला. आणि हा चौथा..." तिने तो परत उचलला. "हा सहा-सात तास उघड्यावर पडला, आणि मग बर्फात घातलात. अंगावर बर्फाच्या खड्यांचे वण उठलेत, पण आतून गेलेला. बर्फ उशिरा आला की जेवणं आटपल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा. त्याला वाढणार काय?"

"ह्यात पाटीवाल्या बाईची चूक नाही," गोदा पुढे म्हणाली, आणि आता तिचा आवाज बाजारातला, मोकळा झाला होता. "मासा इथे खराब झालाय. म्हणून सांगते. हा खायचा नाही. कुणाला द्यायचा नाही, मांजरालासुद्धा नाही. कितीही तळलात, कितीही कोकम घातलंत, तरी ह्यातलं ते जात नाही. जिभेला चुणचुण येते आणि अंगावर गांधी उठतात."

"हिस्टामिन," हेतल मॅडम हळूच म्हणाल्या.

"नाव ठाऊक नव्हतं. आमची गाठ पडलेली आहे."

मॅडमनी कपाटातून एक कागद काढला आणि अनिलरावांपुढे धरला. त्यावर ताटांची हकिकत होती. चौथ्या ताटापुढे लिहिलेलं: सात तास टेबलावर, नंतर बर्फ. ते बांगडे मॅडमनी मुद्दामच तसे ठेवलेले होते. अनिलरावांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. "आमच्या इथे बी.एस्सी. झालेली मुलं हे वळबिळ बघत नाहीत हो," ते म्हणाले.

पण हेतल मॅडमची परीक्षा संपली नव्हती. त्या पुढे वाकून म्हणाल्या, "एक विचारते. मासा इथे खराब झाला हे तुम्हाला कळलं, म्हणून तुम्ही बोललात. तो खरंच सोनूबाईंच्या पाटीत खराब झालेला असता तर? उद्या शेडमध्ये त्यांची पाटी समोर आली तर? तेव्हाही उकाडा होणार?"

धोंडूबाईच्या शाळेत हा धडा आलाच नव्हता, कारण बाजारात पाटीशेजारी पाटी असते. पाट्या तपासायला वर बसणारं कुणी नसतं. गोदाने ओले हात पदराला पुसले, मग आठवलं की ही चांगली साडी आहे.

"आधी तिला बाजूला घेईन," ती सावकाश म्हणाली. "चार बायांसमोर नाही. तिच्याच हातात मासा देईन, दाब म्हणेन. कुठे चुकलं ते दोघी मिळून बघू. बर्फ कमी पडला, की होडी उशिरा आली. आणि मग परत येऊन लिहीन. खाण्यास अयोग्य. चौघांसमोर बोलणार नाही, पण लिहिणार. खाणाऱ्याचं पोट काय, माझ्या नवऱ्याचं असतं तेव्हाच पोट असतं होय?"

मॅडमनी अनिलरावांकडून कागद घेतला, 'उत्तर दिले नाही' ह्यावर रेघ मारली आणि स्वतःच्या अक्षरात बराच वेळ काहीतरी लिहिलं.

तिथून गोदा थेट एसटी स्टँडवर गेली नाही, बाजारात गेली. सोनूबाई कोपऱ्यावर बसून पाटीत सौंदाळे मासे लावत होती.

"मावशी, तुझ्या पाटीचा बांगडा आज मी खराब म्हणून सांगितला. कागदावर."

सोनूबाईचा हात थांबला. चाळीस वर्षांत असं तिच्या तोंडावर कुणी बोललं नव्हतं. गोदाने सगळं सांगितलं, ताटं, बर्फ, सात तास.

"म्हणजे माझा बांगडा चांगला होता."

"चांगला होता."

"आणि एवढ्या शिकलेल्या बाईने तो मुद्दाम उन्हाळ्यात टेबलावर ठेवून नासवला."

"परीक्षेसाठी, मावशी."

"माझ्याकडे मागायचा गो नासका," सोनूबाई म्हणाली. "शोधून दिला असता एखादा. चांगल्याचं कशाला वाटोळं." आणि तिने दोन सौंदाळे गोदाच्या पिशवीत टाकले. हे तळायचे होते.

निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात समीक्षाच्या मोबाइलवर आला. चाळीसपैकी बत्तीस. मासळी ओळखण्याचे सोळापैकी सोळा. दुसऱ्या वर्षाला प्रवेश. समीक्षाने आईला मिठी मारली, गुणाजीने किनाऱ्यावर ओढलेल्या होडीवरून फोनवर दोनदा विचारलं, नक्की ना, नक्की ना. धोंडूबाई खाटेवर उठून बसली.

"उरलेले आठ कुणी खाल्ले?"

"इंग्रजी आणि कॉम्प्युटर," समीक्षा म्हणाली.

"ते मला येत नाही, म्हणून राहिलं ते," धोंडूबाई म्हणाली आणि परत आडवी झाली. सुनेला तिने एवढं कधीच म्हटलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा समुद्रात गेल्या आणि शेड सुरू झाली. गोदा दर शनिवार-रविवार वर्गाला जाते, इंग्रजीत रडते, आणि सोमवारी तराजूशेजारी वही घेऊन उभी राहते. तिसऱ्याच आठवड्यात चिमाची पाटी आली. चिमा पंचविशीची, तोंडाळ. गोदाने वरचा मासा उचलला, दाबला, आणि खाली ठेवला.

"चिमे, जरा ये गो इकडे."

"इथेच सांग की काय ते."

"ये."

दोघी बर्फाच्या यंत्रामागे गेल्या. बाकीच्या बायांनी आपापल्या पाट्यांकडे बघत, पावसाने ह्या वर्षी कशी दडी मारली ह्यावर बोलायला सुरुवात केली. यंत्र घरघरत होतं, त्यामुळे मागे काय बोलणं झालं ते कुणाला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने दोघी परत आल्या. चिमाचे डोळे लाल होते. तिने स्वतःच पाटीतले वरचे बांगडे वेगळे काढले, एकेकाचं पोट दाबून, आणि वहीकडे हनुवटी केली.

"लिही," ती म्हणाली.

गोदाने लिहिलं.